जिन्याखालच्या बाळंतिणी आणि आमचा अभ्यासदौरा

‘अभ्यासदौरा’ हा शब्द आमच्या गावात न हसता कुणी उच्चारत नाही. अभ्यासदौरा म्हणजे नगरसेवकांनी सरकारी खर्चानं कुठंतरी जायचं, गॉगल लावून फोटो काढायचे आणि परत येऊन दोन ओळींचा अहवाल द्यायचा. त्यामुळे मी मुंबईला जाऊन आल्याचं कळल्यापासून भाजीवालीपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी मला एकच विचारलं, "मग, जुहू चौपाटी पाहिली का?" नाही पाहिली. समुद्र दिसला तो मालाडला एका शाळेच्या गच्चीवरून, आणि तेव्हाही माझं नाक चोंदलेलं होतं. ज्यांना खरंच ऐकायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी आमच्या नगरपरिषदेत वीज विभागाची अभियंता. निवृत्ती जवळ आली आहे, गुडघे त्याआधीच निवृत्त झाले आहेत. हिवाळ्यात वरून एक परिपत्रक आलं की, सार्वजनिक इमारतींमुळे होणारं कार्बन उत्सर्जन कमी करा. आमच्या सभेत ते वाचून दाखवलं गेलं तेव्हा एका सदस्यानं विचारलं, "म्हंजे गाड्या बंद करायच्या का?" नगराध्यक्षांनी मात्र लगेच तोडगा काढला. मुंबईची उपनगरं बघून या, तिथं कसं करतात ते करू. त्यांच्या मनात होती काचेची नवी इमारत, आणि तोवर प्रसूतिगृहाला एसी.

आता प्रसूतिगृहाबद्दल सांगायला हवं, कारण मी गेले ती त्याच्यासाठी. आमच्या प्रसूतिगृहाचा वॉर्ड वरच्या मजल्यावर आहे, थेट स्लॅबखाली. चैत्र लागला की दुपारी तिथं पंखा गरम हवा खाली ढकलतो, बाकी काही करत नाही. मग टाके पडलेल्या बाया बाळ छातीशी धरून, कठडा पकडत, एकेक पायरी उतरून खाली येतात आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत चटया टाकून पडतात. शेजारी पहारेकऱ्याची सायकल असते, चपला असतात. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी उतरताना घसरली. बाळ वाचलं, तिचे टाके उसवले. तेव्हापासून आमच्या लता सिस्टर मला भेटल्या की नमस्कारही करत नाहीत. नुसतं विचारतात, "मॅडम, यंदा?"

एसी लावायला माझी काही तत्त्वाची हरकत नव्हती. पण त्या इमारतीची वायरिंग एवढं ओझं घेणार नाही, ती बदलायची तर वर्ष जाणार, आणि कार्बन कमी करा म्हणणाऱ्या परिपत्रकाचं उत्तर म्हणून सहा एसी लावायचे हे मला कुणी समजावून सांगावं. ऊन परतावं म्हणून गच्ची पांढरी करा, खिडक्यांवरच्या रंगानं चिकटलेल्या झडपा उघडा, पंखे बदला, असं मी सांगत आले होते. पण मी गावची. गावच्या माणसाचं ऐकायचं नसतं. मुंबईत हे कुणी केलेलं मला बघायचं होतं, म्हणजे परत येऊन मुंबईचं नाव घेता येईल.

माझ्याबरोबर नगरसेवक बापू होते. मिशी भरघोस, मन मोकळं, आणि एसी लावावेत या पक्षाचे. निघतानाच म्हणाले, "ताई, आधीच सांगतो, मला एसीशिवाय झोप लागत न्हाई." घाटकोपरच्या लॉजवर त्यांना एसीची खोली मिळाली, मला मिळाली ती पाण्याच्या टाकीशेजारची. चारही दिवस मी झोपले कमी आणि टाकी भरताना ऐकली जास्त.

अंधेरी

मुंबईत आम्हाला फिरवणारी शिल्पा तिथल्या सार्वजनिक इमारतींच्या विजेचं काम बघते. चाळिशीची, पायात बूट, खांद्याला सॅक, चालणं असं की माझी आणि बापूंची वरात मागे राहावी. पहिल्या दिवशी तिनं आम्हाला अंधेरीतल्या एका सरकारी कचेरीत नेलं. कुठल्या, ते लिहीत नाही. तिला तिथंच नोकरी करायची आहे.

बाहेर मार्चचं चिकट ऊन होतं. आत पाऊल टाकलं आणि दात वाजायला लागले. खिडक्या होत्या, मोठ्या होत्या, पण त्यांच्यासमोर फायलींची लोखंडी कपाटं उभी केलेली. म्हणून दिवसाढवळ्या सगळे दिवे चालू. दिवे चालू म्हणून उकडतं, उकडतं म्हणून एसी अठरावर. आणि एसी अठरावर म्हणून टेबलाटेबलावर माणसं शाली पांघरून बसलेली. साध्या नव्हेत, जरीच्या काठाच्या, सत्काराच्या शाली. पाहुण्यांसाठी आणलेल्या आणि उरलेल्या. एक काका तर कानावरून शाल घेऊन टाइप करत होते.

मी विचारलं, "एसी थोडा कमी का नाही करत?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भिंत पाडायला सांगितली. "मॅडम, रिमोट साहेबांकडे असतो. साहेब मीटिंगला गेलेत."

"मग बटण बंद करा की."

"बटण इलेक्ट्रिक खात्याचं. आपण हात लावायचा नाही ना. उद्या काही झालं तर?"

शिल्पा हळूच म्हणाली, "ताई, यांना शिव्या देऊ नका. एकदा एकाने बंद केला होता, त्याला मेमो मिळाला. मी कपाटं हलवायला सांगतेय तोवर तीन साहेब बदलून गेले."

मग रीतीप्रमाणे आमचा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ. आयुष्यभर सत्काराची शाल मी घरी नेऊन ट्रंकेत टाकत आले, ही मी तिथल्या तिथं घट्ट गुंडाळून घेतली. बापूंनीही. आम्हाला वाटलं, आता कुणी हसेल. कुणी हसलं नाही, सगळे तसेच बसले होते.

संध्याकाळपर्यंत मला सर्दी झाली होती. आमच्याकडे या दिवसांत लोक उन्हानं आजारी पडतात. मुंबईत जाऊन मी भर उन्हाळ्यात गारठ्यानं आजारी पडले, हे घरी फोनवर सांगितलं तर मुलगा म्हणाला, "आई, तू खरंच दौऱ्यावर आहेस ना?" मला हसूही आलं नाही. असल्या कचेऱ्या आमच्याकडेही आहेत, फक्त लहान. एवढ्या लांब येऊन आपलंच मोठं करून बघायचं, याचा फार शीण येतो.

मालाड

दुसऱ्या दिवशी मालाडच्या खाडीकडची शाळा. शेजारी कोळीवाडा, वाऱ्याला खारा आणि सुक्या मासळीचा वास. माझ्या चोंदलेल्या नाकालाही तो आला, यावरून ओळखा. बापू शाकाहारी नाहीत, पण तेही रुमाल शोधायला लागले.

या शाळेच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवली होती. शिल्पा सांगत होती की शाळेची जवळजवळ सगळी वीज त्यावर भागेल. ‘भागेल’ म्हणाली, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चार जिने चढून, गुडघ्यांना शिव्या देत मी वर पोचले तर पॅनेलवर निळी ताडपत्री. सगळ्यांवर. नीट दोरीनं बांधलेली.

"हे काय?"

शिल्पानं कपाळाला हात लावला. "उद्घाटन व्हायचंय, ताई. दिवाळीआधी काम झालं. पाहुण्यांची तारीख मिळत नाही. उघडं ठेवलं तर धूळ बसते, आणि त्या दिवशी चकचकीत दिसायला पाहिजे ना. ऑर्डर आहे."

"आणि तोवर?"

"तोवर शाळेचं बिल नेहमीसारखं."

ताडपत्रीवर काहीतरी गुलाबीसर पसरलं होतं. जवळ गेले तर जवळा, सुकत घातलेला. तेवढ्यात गच्चीच्या दारातून एक कोळीण आली, हातात सूप, कासोटा घट्ट, केसात अबोली. आम्हाला पाहून जराही बिचकली नाही.

"सायेब येनार हाय का आज?" तिनं शिल्पाला विचारलं. "तर उचलतंय."

"नाही मावशी, असू द्या."

"मंग बरा. खाली कुत्री तोंड लावतात गो बाय. हितं ऊन झकास."

बापू मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "चला, सौरऊर्जेचा वापर तर सुरू हाय!" मीही हसले, मग शिंकले, आणि मग मला एकदम रडू यावंसं वाटलं. तळपत्या उन्हात तळपायचीच वस्तू आणून, तिच्या डोक्यावरून पदर ओढून तिला पाहुण्याची वाट बघत बसवलेलं. आणि मला ठाऊक होतं, आमच्याकडेही हेच होणार. प्रसूतिगृहात उद्या काहीही करा, एसी लावा नाहीतर गच्ची रंगवा, नगराध्यक्ष आमदारांची तारीख मागणार, आमदार मंत्र्यांची, आणि तोवर आषाढ येणार. जिन्याखाली चटया पडतच राहणार.

मावशीनं आम्हाला तसं सोडलं नाही. खाली तिच्या घरी तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं खायला घातलं, कांदा भरपूर, वर कोकम. माझं बंद नाक दोन घासांत उघडलं. मुंबईतल्या चार दिवसांतलं हे एवढंच औषध मला लागू पडलं. बापूंनी तर बरोबर न्यायला जवळा बांधून घेतला. तो पुढे लॉजच्या एसी खोलीत ठेवला आणि मॅनेजरनं त्यांना खोली बदलायला लावली. आता त्यांना मिळाली साधी पंख्याची खोली, माझ्या शेजारची. त्या रात्री टाकी भरण्याचा आवाज दोघांनी ऐकला.

विक्रोळी

तिसऱ्या दिवशी बोरिवलीला जायचं होतं, पण मला उठवेना. अंग मोडून आलं होतं. शिल्पा म्हणाली, "राहू द्या बोरिवली. घरी चला, आई जेवायला बोलावतेय."

तिचं घर विक्रोळीला, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, बुद्धाची मूर्ती, खिडकीत तुळस नाही पण ओव्याचं झाड. तिची आई मूळची आमच्याच बाजूची निघाली, बीडकडची. लग्न होऊन इथं आली ती गिरणगावात नाही, थेट इथल्या कारखान्याच्या वस्तीत. मला बघून म्हणाली, "बाई, तोंड उतरलंय तुझं," आणि ज्वारीची भाकरी, पिठलं आणि लसणीचा ठेचा पुढे केला. तीन दिवसांत मला पहिल्यांदाच कुणीतरी बाई म्हटलं, मॅडम नाही की ताई नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्यावर खपून गेलं.

बापू भाकरी मोडता मोडता म्हणाले, "ताई, खरं सांगू? निस्ता एसी लावायचा ठराव करून टाकू. मंबईत काय बघितलं तर शाली आन् जवळा. ह्यात शिकायसारखं काय हाय?"

मला त्यांचं म्हणणं पटत होतं, हेच वाईट होतं. मी शिल्पाला जिन्याखालच्या बायांचं सांगितलं. घसरलेल्या मुलीचंही. ती जेवायची थांबली.

"उद्या मुलुंडला चला," ती म्हणाली. "हे दाखवायच्या यादीत नसतं. पण चला."

मुलुंड

मुलुंडला डोंगर जवळ. रस्त्याच्या टोकाला हिरवा-करडा उतार दिसतो आणि क्षणभर वाटतं, शहर संपलं. ते संपत नाही, पण वाटतं. तिथलं एक जुनं प्रसूतिगृह, दुमजली, आमच्यासारखंच. वॉर्ड वर, स्लॅबखाली. आम्ही पोचलो तेव्हा दुपार ऐन भरात होती.

पुरुषांना वॉर्डात सोडत नाहीत, म्हणून बापू वॉर्डाबाहेरच्या वऱ्हांड्यात, त्याच स्लॅबखाली, बाकावर बसले. मी आत गेले आणि दारातच थांबले. गार नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण भट्टीही नव्हती. वरच्या झडपा उघड्या होत्या, वारा या भिंतीतून त्या भिंतीत जात होता. पंखे आवाज न करता फिरत होते. दिवे बंद, आणि तरी उजेड. सगळ्या खाटांवर बाया झोपल्या होत्या. तोंड उघडं टाकून, गाढ. एका बाळानं मूठ आईच्या गळ्यातल्या पोतीत अडकवली होती आणि तेही झोपलं होतं. सिस्टरनं ओठांवर बोट ठेवलं.

मी तिथं उभी राहून रडले. सर्दीचं निमित्त होतंच.

मग शिल्पानं मला गच्चीवर नेलं. पांढरा लेप दिलेली गच्ची, एवढी लख्ख की डोळे मिटावे लागले. मी वाकून हात टेकवला. ऐन दुपारी हात टेकवता आला.

"कुणाच्या हस्ते उद्घाटन?" मी विचारलं. सवयीनं.

"झालंच नाही," शिल्पा हसली. "ताई, नवीन काम म्हटलं की वाट लागली. भूमिपूजन, पाहुणे, बोर्डावर कोणाचं नाव वर, कोणाचं खाली. म्हणून मी नवीन म्हटलंच नाही. पावसाळ्याआधी गळती बंद करायला दरवर्षी गच्चीला लेप देतात ना? त्यात पांढरा दिला. झडपा जाम झाल्या म्हणून दुरुस्ती. पंखा जळाला की बदलताना कमी विजेचा. सगळं दुरुस्तीत. गळतीचं उद्घाटन कोण करणार, सांगा?"

"आणि तुला काय मिळालं?"

"मला?" तिनं सॅकचा पट्टा सावरला. "उद्घाटन नाही, मग काम झालंच नाही. गेल्या वर्षी त्या शाळेवाल्याला शाबासकी मिळाली, ताडपत्रीसकट. मला विचारलं, तू काय केलंस? काय सांगणार यार." मग म्हणाली, "माझी मुलगी याच वॉर्डात झाली, ताई. मे महिना होता. आई रात्रभर ओल्या साडीने वारा घालत होती. तेव्हा ठरवलं होतं."

गच्चीवरून खाली आलो तर बापू बाकावर आडवे. टोपी तोंडावर, मिशी वर-खाली, वऱ्हांडाभर घोरणं. डोक्यावर पंखासुद्धा नव्हता. एक आजीबाई नातवाला मांडीवर घेऊन त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती. मी त्यांना उठवलं नाही. शेजारीच बसले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मलाही डुलकी लागली.

परत

गावी आल्यावर सभा झाली. मी आधी अहवाल दिलाच होता, पण आमच्याकडे अहवाल वाचत नाहीत, विचारतात. मी उभी राहून शिल्पाचा मंत्र म्हटला की, गळती प्रतिबंधक लेप, दुरुस्तीच्या कामात.

नगराध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं गळती? पाऊस पडतो कुठं आपल्याकडं?"

अख्खं सभागृह हसलं. बरोबरच होतं. मुलुंडचा पाऊस मी दुष्काळी गावात आणायला निघाले होते. एवढा प्रवास, एवढी सर्दी, आणि एका वाक्यात सगळं संपलं. लता सिस्टर मागच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग बापू उठले. सगळे सावरून बसले. एसीचा ठराव तेच मांडणार होते.

"मी तिथं झोपलो," बापू म्हणाले.

पुन्हा हशा. "अभ्यासदौरा झाला म्हणायचा!" कुणीतरी ओरडलं.

"हसा. पण मी मंबईत भर दुपारी, स्लॅबखाली, पंख्याबिगर झोपलो. मला घरी एसीबिगर झोप लागत न्हाई, बायकोला इचारा. ताईंनी गळती म्हटलं, चुकलं त्यांचं. आपल्याकडं पाडव्याला दवाखान्याच्या भिंती रंगवत्यात का न्हाई? दरसाल? मग औंदा भिंतीबरोबर गच्ची बी रंगवा. रंगरंगोटीच ती. तिला ठराव कशाला, आन् पाहुणा कशाला?"

नगराध्यक्षांना यात विरोध करण्यासारखं काही सापडेना. रंगरंगोटीच्या कामात गच्ची धरली गेली, आणि आमच्या रंगाऱ्यानं पाडव्याच्या आत पांढरा लेप दिला. झडपांचे रंग खरवडून त्या उघडल्या. पंख्यांचं अजून भिजत घोंगडं आहे.

नगराध्यक्ष तरी एकदा फोटोला आलेच. भर उन्हात गच्चीवर उभे राहिले, सदस्य दोन्ही बाजूंना. फोटो पेपरात आला. त्यात सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. त्याच महिन्यात त्यांच्या केबिनला नवा एसी बसला, तोही मीच जोडून दिला. मुख्य कचेरीत दिवे दिवसभर चालू असतात. काचेच्या इमारतीचं भूमिपूजन व्हायचं आहे, तारीख मिळत नाही. लोक विचारतात, मग कार्बन किती कमी झाला? आमच्याकडे मोजायचं यंत्र नाही. प्रसूतिगृहात सहा एसी लागले नाहीत, एवढंच मला ठाऊक आहे. शिल्पाला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "झकास, ताई," आणि मग कुणीतरी बोलावलं म्हणून घाईत फोन ठेवला. शाळेवरची ताडपत्री अजून आहे.

परवा एप्रिलच्या दुपारी मीटर बघायला प्रसूतिगृहात गेले होते. मीटर जिन्यापाशी आहे. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. आत शिरले आणि सवयीनं आधी जिन्याखाली वाकून पाहिलं. पहारेकऱ्याची सायकल होती. चपला होत्या. चटया गुंडाळून भिंतीला उभ्या केलेल्या होत्या.

मी फार थकले होते. तिथंच खालच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं एक बाळ रडलं, नुकतं जन्मलेलं असतं तसं, किरट्या आवाजात. मी मान वळवून जिन्याखाली पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं. आवाज वरून, वॉर्डातून येत होता.